हसून दाखवा, मग आत या

सन दोन हजार अठरा. मी तेव्हा अडुसष्ट वर्षांचा होतो, आणि त्या वयात मला एका बाईने माझ्याच घराच्या दारातून परत पाठवलं. घर माझं, दार माझं, पाटीवर नाव माझं, आत पाळण्यात झोपलेला नातू माझा. बाई समोरच्या फ्लॅटमधली.

"कुठे निघालात भोईर?"

"नातवाला बघायला."

"बघा की. इथून दिसतोय."

असं म्हणून तिने चौकटीला हात आडवा लावला. हात केवढा, तर लाटण्याएवढा. पण तो ओलांडायची माझी हिंमत झाली नाही. म्हणजे मी ओलांडला नाही.

"हात धुतलेत?"

"धुतले."

"मिशी?"

माझ्या मिशीला नावं ठेवणारा माणूस सबंध बाळकुम गावात जन्मला नव्हता. ही सिंधुदुर्गातून आलेली.

"मिशी कशाला धुवायची?"

"बाळाचा पापा घेणार असाल ना?"

"घेणारच. आजा आहे मी त्याचा."

"म्हणून विचारलं. पापा घ्यायचा नाहीच आहे. पण मिशी आपली धुतलेली बरी."

ही पेडणेकरबाई. आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर तिची बालवाडी होती. सगळे तिला अहोजाहो करायचे. मीही तोंडावर करायचो, पाठीमागे नाही. इथेही करणार नाही. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, सगळी हयात वागळे इस्टेटच्या कारखान्यात लेथ मशीनवर गेली. कोणाला खोटा मान द्यायची सवय लागली नाही.

बाई बुटकी, सुती साडी, पदराला दोन पिना आणि साडीखाली पोरांसारखे पांढरे बूट. चष्मा गळ्यात दोरीला. तो ती डोळ्यांना क्वचित लावायची. कोणाला दटावायचं झालं की बोटाऐवजी चष्मा उगारायची. चालायची भरभर, बोलायची सावकाश, आणि टोमणा मारून झाला की असा चेहरा करायची जसं काही बाजारभाव सांगितला.

बिल्डिंग उभी आहे तिथे आमचं भाताचं शेत होतं. मी हे नव्या भाडेकरूंना सांगतो, कारण त्यांना माहीत असायला हवं. बाईला एकदा सांगितलं, "तुमची बालवाडी आहे ना, तिथे आमचा बैल बांधलेला असायचा."

"हो, तुम्ही सांगितलंत मागे," बाई म्हणाली. "अजून हंबरतो कधी कधी. लिफ्टजवळ उभा राहून."

लिफ्टजवळ मी उभा राहतो. लोकांशी बोलायला.

तर नातू. तो आठव्या महिन्यातच आला. ओंजळीत मावेल एवढा. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरने माझ्या सुनेला, स्वातीला, बजावलं होतं: थंडीचे दिवस आहेत, फ्लूची साथ आहे, याला फ्लू झाला तर परत इथेच आणावं लागेल आणि तेव्हा एवढ्या लवकर सोडणार नाही. सहा महिन्यांचा होईपर्यंत त्याला फ्लूची लस देता येत नाही. म्हणून आजूबाजूच्या मोठ्यांनी घ्यायची. ज्याला सर्दी-खोकला त्याने जवळ यायचं नाही. पापे बंद.

स्वातीचं माहेर कळव्याचं. लहानपणी ती तिकडे याच पेडणेकरबाईच्या हाताखाली बालवाडीत होती. लग्न होऊन आमच्याकडे आली आणि समोरच्या दारात बाई बघून मोठ्याने ओरडली होती. मी म्हटलं, साप दिसला की काय. तर आनंदाने. त्यामुळे डॉक्टरचं ऐकून घरी आल्यावर स्वातीने पहिलं काम केलं ते बाईला सांगायचं: "बाई, घरातल्यांना मी नाही म्हणू शकत नाही. तुम्ही म्हणा."

बाईला नाही म्हणायला फार आवडायचं.

आमच्या हिने, म्हणजे माझ्या बायकोने, गुमान लस घेतली. मुलाने, महेशने, घेतली. राहिलो मी.

"मी सुई घेत नाही," मी सांगितलं. "लेथवर बोट कापलेलं तेव्हा हळद दाबली आणि पाळी पुरी केली."

"छान," बाई म्हणाली. "मग हळद दाबा आणि दारात बसा."

आणि खरंच माझ्यासाठी दारात खुर्ची आली. मी तिथून नातवाला बघायचो. त्याची एक टाच दिसायची. कधी कधी तीही नाही. पाळणा हलला की दिसायची, थांबला की गेली. ही स्वयंपाकघरातून म्हणायची, "अवं, टोचून घ्या ना एकदाचं." मी म्हणायचो, "टाच बघून चालतं मला."

चालत नव्हतं. पण बोललो होतो.

आता बाईची परीक्षा सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

रोज सकाळी बालवाडीच्या गेटवर निळ्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बाई बसायची. बाजूला बादली, साबण. एकेक पोर यायचं, हात धुवायचं आणि बाईपुढे उभं राहायचं. बाई कपाळाला हात लावायची नाही, घसा बघायची नाही. ती पोराला हसवायची. नकला करून. वॉचमन शिट्टी मारताना कसा फुगतो. तिसऱ्या मजल्यावरच्या कदमांची सून एका हाताने मोबाइल आणि दुसऱ्याने भाजी धरून चप्पल कशी शोधते. पोर खदखदून हसलं आणि हसू साफ निघालं की आत. हसता हसता खोकला आला, नाकातून फुगा आला, की परत. "आईला सांग, आज घरी झोपायचं, पेज प्यायची. बरं झालास की ये, मी कुठे पळत नाही."

बाईचं म्हणणं असं की, बोलताना खोकला दाबता येतो, हसताना येत नाही. एकदा गल्लीतल्या डॉक्टरने तिला सगळ्यांसमोर सांगितलं, "बाई, हसण्यावरून फ्लू कळत नसतो हो."

"फ्लू नाही कळत," बाई म्हणाली. "आईबाप खोटं बोलतायत ते कळतं."

कारण आईबाप खोटं बोलायचेच. दोघांना कामावर जायचं, पोराला ताप उतरायचं औषध पाजून आणायचं आणि म्हणायचं, रात्री जरासं शिंकला, बाकी काही नाही. पुढे पुढे तर आया लिफ्टमध्ये पोरांची तालीम घ्यायच्या. मी स्वतः ऐकलंय. "बाईंनी काही पण केलं तरी हसायचं नाही. कळलं? हसलास तर चॉकलेट नाही." मग पोर गेटवर तोंड मिटून, गाल फुगवून उभं. ते बघून बाईला काय चेव यायचा! त्या दिवशी ती वॉचमनला घोड्यावर बसवायची, कदमांच्या सुनेला नदीत पाडायची. पोर फुटायचंच.

चुकायचीही. एकदा एका पोराला खोकला आला म्हणून घरी पाठवलं, तर त्याच्या घशात लाडवाचा तुकडा होता. त्याची आई भांडायला आली. बाई म्हणाली, "बरोबर आहे तुमचं, माझी चूक. पण फाटकाशी येईपर्यंत तोंडात लाडू, म्हणजे नाश्ता उशिरा. तेवढं बघा." आई भांडायला आलेली ती माफी मागून गेली.

मी एकदाच तिला विचारलं, की एवढा जाच कशाला? पोरं आहेत, सर्दी होते, जाते. ती बादलीतलं पाणी बदलत होती. म्हणाली, "कळव्याला असताना एका हिवाळ्यात एक शिंकणारं पोर मी आत घेतलं. गोड होतं, रडत होतं, घेतलं. आठवड्यात अर्धी बालवाडी तापाने पडली. त्यातल्या एकीला नाकाला नळी लावली होती. आली ती परत, ठणठणीत आली. पण तो पलंग केवढा होता भोईर, आणि ती केवढी होती."

मग लगेच म्हणाली, "सरका, साडीवर पाणी उडेल." माझ्या अंगावर साडी नव्हती. तिच्या होती. सरकली तीच.

आता माझ्या लसीचं. लोक सांगतात की बाईने मला फसवलं. तसं काही नाही. मी सांगतो काय झालं ते.

बारशाला महिना होता. एका रविवारी सकाळी बाई आमच्या दाराशी आली. आवाज एवढा मऊ की मला आधी वाटलं आजारी आहे.

"भोईर, एक विनंती होती."

"बोला."

"आज बालवाडीतली पोरं लस घ्यायला डॉक्टरकडे नेतोय. आईबाप आहेत बरोबर. पण पोरं घाबरलीयत हो. सुई म्हटलं की रडारड. कोणीतरी भारदस्त माणूस समोर असला तर धीर येतो त्यांना. बिल्डिंगमध्ये तसं कोण आहे सांगा? सगळे ऑफिसवाले. डासाने चावलं तरी रजा टाकतात."

मी टोपी घातली.

दवाखान्यात पोरांची रांग. पुढचं पोर बघतंय सुईकडे आणि ओठ काढतंय. बाईने मला पुढे नेलं आणि म्हणाली, "हे बघा, हे आजोबा. यांनी कारखान्यात लोखंड कापलंय. हे कशालाच घाबरत नाहीत. हो ना आजोबा?"

"नाही घाबरत," मी म्हटलं.

"सुईला पण नाही?"

आता सगळी पोरं माझ्याकडे बघतायत. त्यांचे बाप बघतायत. डॉक्टर सुई भरून तयार. तो कसा काय आधीच तयार होता हे मला तेव्हा सुचलं नाही.

मी बाही वर केली. काय असतं त्यात? मुंगी चावते. मी हुं की चूं केलं नाही. मागची पोरं टाळ्या वाजवायला लागली आणि एकामागून एक दंड पुढे करत गेली. दोन-चार रडली, पण रडणाऱ्यांनाही माझा धीर होता, हे डॉक्टरही म्हणाला.

बाहेर आल्यावर बाई म्हणाली, "दुखलं?"

"छे."

"अंगात भिनायला पंधरा दिवस लागतात. बारशाला धरा नातवाला." आणि पांढरे बूट वाजवत निघून गेली.

मी घरी येऊन हिला सांगितलं की मी पोरांसाठी घेतली, कोणाच्या सांगण्यावरून नाही. ही भाकरी थापत होती. पाठमोरी होती. खांदे हलत होते.

दुसऱ्या वर्षी बाईने भारदस्त माणूस म्हणून वॉचमनला नेलं. तेव्हा मला जरा शंका आली. पण लस दरवर्षी घ्यावी लागते असं कळलं, म्हणून मीही रांगेत होतो, आणि त्याच्या पुढे होतो.

बारसं. स्वातीने ठरवलं होतं, माणसं मोजकी, पाच-सहा बायका आणि महेशचे दोन मित्र, बस. बाळ आता गुटगुटीत दिसायला लागलेलं, पण डॉक्टरचा हुकूम तोच. बाईने आमच्या दारात स्टूल टाकलं, बादली ठेवली. जरीची साडी नेसली होती, खाली पांढरे बूट. पाहुणा आला की हात धुवा, हसून दाखवा, आत जा. माझी विहीण पंचक्रोशीत गंभीर म्हणून माहीत, तीसुद्धा हसून आत गेली.

डोंबिवलीहून माझी मुलगी वंदना आली. आत्या. नऊवारी, नथ, हातात सोन्याची मनगटी. पहिला भाचा. बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगायचा मान तिचा, त्यासाठी ती लग्नापासून वाट बघत होती. अंगाला निलगिरीचा वास येत होता.

बाईने माझी नक्कल केली. छाती काढून, मिशीवर हात फिरवत, लिफ्टजवळ उभं असल्यासारखं, "इथे आमचा बैल बांधलेला असायचा." मी हे पहिल्यांदाच बघत होतो. सगळ्या बिल्डिंगने आधी बघितलेलं दिसत होतं. वंदना तिच्या बापाची नक्कल बघून जी हसली, ती हसता हसता खोकायला लागली आणि थांबेचना.



"कधीपासून?" बाईने विचारलं.

"कालपासून," वंदना म्हणाली आणि तिचे डोळे भरले. "बाई, मी लांबून करते. कानाला तोंड नाही लावत. फक्त एकदा. आत्या आहे मी."

कुर्रर्र करायचं म्हणजे तोंड बाळाच्या कानाला लावायचं. त्याहून जवळ काय असतं? महेश म्हणाला, दुसऱ्या कोणाकडून करून घेऊ. वंदनाने त्याच्याकडे असं बघितलं की तो आत जाऊन नारळ शोधायला लागला. आमची ही म्हणाली, "पोरीचा मान हाय तो, दुसऱ्याला क्याला?" बाईने चष्मा डोळ्यांना लावला. म्हणजे ती खरंच विचारात पडली होती.

"वंदना," ती म्हणाली, "शेतातल्या माणसाला हाक मारायची झाली तर तुमच्या घरात आवाज कुठवर जातो?"

"खाडीपर्यंत," मी म्हणालो. खोटं नाही. माझी आई बांधावरून हाक मारायची तर पलीकडची माणसं ओ द्यायची.

"मग जा. लिफ्टपाशी उभी राहा. तोंडावर रुमाल बांध. कानातच जायला हवं ना नाव? जाईल."

वंदना पॅसेजच्या टोकाला गेली. बाई दारातून म्हणाली, "आणि तुम्ही काय भोईर? तुम्ही हसला नाहीत. हसल्याशिवाय आत नाही."

"स्वतःच्या नकलेला मी हसू?"

"मग बाहेर थांबा."

लस घेतली होती. हात धुतले होते. मिशी धुतली होती. आत नातू, बाहेर मी, मध्ये ही बाई. मला हसू येईना. रागाने येतं का कधी? मागे जिन्यावर महेशचे दोन मित्र खोळंबलेले. आतून पाळण्याची गाणी सुरू झाली. मी म्हटलं, गेलं. बारसं झालं आणि मी दारातच.

तेवढ्यात लिफ्टपाशी वंदनाने श्वास भरला आणि हाक दिली.

"कुर्रर्रर्र! ईशाऽऽऽन!"

काय सांगू! खिडक्या थरथरल्या. वॉचमन खालून शिट्टी मारायला लागला. आत्याने नाव सांगितलं की तिच्या पाठीत धपाटे घालायची पद्धत आहे, म्हणून बायका उठून पळत निघाल्या, तर बाई ओरडली, "लांबून! उशा मारा!" आमच्या सोफ्यावरच्या उशा पॅसेजमधून उडायला लागल्या. तेवढ्यात बाजूच्या दारातून शहाकाका बाहेर आले. अंगाला साबण, कमरेला टॉवेल, हातात तांब्या. "आग किधर लगी है?" म्हणतायत तोच आमची मोठी भरतकामाची उशी त्यांच्या तोंडावर बसली. त्यांनी उशी धरायला दोन्ही हात वर केले. टॉवेल होता, नव्हता.

मला जे हसू फुटलं ते आवरेना. भिंतीला हात लावला, पोट धरलं, डोळ्यांतून पाणी. आयुष्यात मी लोकांदेखत असा हसलो नव्हतो. आणि ती बाई, त्या गोंधळात, माझ्या छातीजवळ कान आणून ऐकत होती. मी लेथ ऐकायचो तसं.

"साफ आहे," ती म्हणाली. "खरखर नाही. जा आत."

मी गेलो. स्वातीने त्याला माझ्या हातात दिलं. तव्यावरची भाकरी ओंजळीत घ्यावी तसा गरम. एवढे दिवस नुसती टाच बघितली होती, आता सगळा होता. डोळे उघडे होते. माझ्याकडेच बघत होता.

"मिशी लांब!" दारातून आवाज आला.

ठेवली लांब.

नातू सुखरूप राहिला. सहा महिन्यांचा झाल्यावर त्याला त्याची लस मिळाली, मग महिन्याने दुसरी. पुढे ते कोविडचं आलं, बालवाडी बंद पडली, सगळी दुनिया तोंड बांधून आणि हात धुऊन फिरायला लागली. बाई बाल्कनीतून खाली रस्त्याकडे बघायची आणि मला म्हणायची, "बघा भोईर. सगळे आले माझ्या बालवाडीत."

बालवाडी परत उघडली तेव्हा आमचा ईशान तिच्याकडेच गेला. तोही गेटवर हसला, तोही दोन वेळा परत आला. आणि त्याच हिवाळ्यात बाईने ठरवलं की आता पुरे, गुडघे ऐकत नाहीत, गावी बहिणीकडे जाऊन राहायचं. नवी बाई ठरली, पण ती पंधरवड्याने येणार होती. तोवर पोरांना मदतनीस मावशी सांभाळणार.

निरोपाच्या दिवशी पोरांनी कागदाची फुलं केली होती. मला टोपी घालून बोलावलं होतं, भाषण करायला. मी भाषण तयार केलं होतं, बैलापासून सुरुवात होती. सगळे जमले आणि बाई आलीच नाही. शोधलं तर ती गेटच्या बाहेर, रस्त्याच्या पलीकडे उभी. तोंडाला मास्क. बाजूला रिक्षा, त्यात पेट्या.

"अहो, आत या!" मी ओरडलो.

तिने मान हलवली आणि गळ्याकडे बोट दाखवलं. मग कोपरात तोंड घालून खोकली.

सकाळी उठल्यावर तिने स्वतःला हसवून बघितलं असणार. आरशात. कोणाची नक्कल केली असेल ते तीच जाणे. एवढी वर्षं पोरांना परत पाठवलं, शेवटच्या दिवशी स्वतःला पाठवलं. स्वाती रडत रस्ता ओलांडायला निघाली तर बाईने चष्मा उगारला. स्वाती जागच्या जागी थांबली, चार वर्षांची असल्यासारखी.

पोरं गेटच्या जाळीला चिकटली. फुलं जाळीतून बाहेर काढून हलवायला लागली. बाई थोडा वेळ बघत राहिली. मग तिने छाती काढली, मास्कवरून नसलेल्या मिशीवर हात फिरवला, आणि पांढऱ्या बुटांनी माझ्यासारखी चालत रिक्षापर्यंत गेली. पोरं हसून हसून लोळली. एकही खोकलं नाही. रिक्षात बसायच्या आधी ती थांबून तेच ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली गेलो. निळं स्टूल कोणी तरी उलटं करून ठेवलेलं. मी ते सरळ केलं, बादली भरली आणि बसलो. कोणी सांगितलं नव्हतं. पहिलाच आला तो ईशान, महेशचं बोट धरून. हात धुतले आणि तोंड मिटून, गाल फुगवून माझ्यापुढे उभा राहिला. लिफ्टमध्ये तालीम झाली होती तर.

"बाबा, सोडा ना त्याला, माझी मीटिंग आहे," महेश म्हणाला.

मला नक्कल येत नाही. मी कधी कोणाची केली नाही. रस्त्याच्या कडेला आया उभ्या होत्या, वॉचमन बघत होता, कदमांची सून मोबाइल खाली करून बघत होती. मी उठलो, छाती काढली, मिशीवर हात फिरवला आणि म्हणालो, "इथे आमचा बैल बांधलेला असायचा."

ईशान फुटला. हसला, हसला आणि खोकला.

"घरी," मी महेशला सांगितलं. "पेज द्या. आणि तू रजा टाक."